पुंडलिककाकांचं वायफाय कार्ड

पुंडलिककाका पेणजवळच्या हमरापुरात गणपती करतात आणि देव सोडून सगळ्यांवर संशय घेतात. देवावरही थोडा घेतात. तो त्यांनीच केलेला असतो.

त्यांचं वय पंचावन्न. मी तेवीस, एम. ए. मराठी, सध्या त्यांच्याकडे रंगकामाला. आमची मैत्री आहे. म्हणजे ते बोलतात आणि मी थक्क होते.

सहा वर्षांपूर्वी त्यांनी एक बैठी मूर्ती घडवली. शेजारच्या महिपतीने ती भलत्याच माणसाकरवी विकत घेतली, तिच्यावरून रबराचा साचा काढला आणि तसे पाचशे गणपती विकले. तेव्हापासून काका महिपतीशी बोलत नाहीत. त्याच्या कुत्र्याशी बोलतात.

गेल्या महिन्यात काकांनी नागोठण्याहून जुना लॅपटॉप आणला. पेणच्या कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानातला नितेश म्हणाला, कॉपी केलेलं विंडोज टाकून देतो. काका उठून आले. चोरीचा साचा घरात नको. मग कुणीतरी विंडोजऐवजी चालणाऱ्या, फुकट मिळणाऱ्या लिनक्सबद्दल सांगितलं. ते करणाऱ्यांनी आपला साचाच जगाला वाटून टाकलाय, हे ऐकून काकांचे डोळे भरून आले. विसर्जनाला कधी भरलेले मी पाहिले नाहीत.

लिनक्स बसलं, पण आतलं वायफायचं कार्ड त्याला ओळखता येईना. कारखान्यात मोबाइलला रेंज नाही, आणि काकांच्या बायकोला, सगुणाकाकूंना, नव्या मूर्तींचे फोटो व्यापाऱ्यांना पाठवायचे होते. त्यांनी सांगून टाकलं: रविवारपर्यंत चालू झालं नाही, तर लॅपटॉप नितेशकडे जाईल आणि विंडोज घेऊन येईल.

काकांनी दुसरं कार्ड मागवलं. लिनक्सवर चालतं असं लोकांनी लिहिलेलं, तेच नाव, तेच मॉडेल. तेही चाललं नाही. घरी बसून मी दुपारभर इंटरनेटवरच्या इंग्रजी चर्चा वाचल्या. कंपनीने नाव तेच ठेवून आतली चिप बदलली होती. हे काकांना कसं समजवायचं, याची मला काळजी होती.

"म्हणजे सांगायचं शाडू आणि द्यायचं प्लास्टर," काका म्हणाले. "नाव नको सांगू गो. पोटात काय हाय ते बघ."

ज्या चिपचा ड्रायव्हर, म्हणजे ती चालवणारा प्रोग्राम, लिनक्समध्ये आधीपासून असतो, तिचा नंबर मी शोधला. शनिवारी एसटीने पनवेल गाठलं. जुन्या लॅपटॉपच्या दुकानात काकांनी टेबलावर कार्डं पसरली आणि एकेक नखाने वाजवून पाहिलं. तडा आहे का बघायला मूर्ती वाजवतात तसं. दुकानदार हसला. मग काका चष्म्यापुढे भिंग धरून चिपवरचे आकडे वाचू लागले. तो हसायचा थांबला. नववं कार्ड बरोबर निघालं.

रविवारी काकांनी लॅपटॉप उघडला. कार्ड खाचेत बसलं. अँटेनाच्या दोन बारीक तारा त्यांनी डोळे आखायच्या ब्रशच्या दांड्याने दाबून बसवल्या, श्वास रोखून. पडद्यावर वायफायची यादी आली. काकांकडे स्वतःचं वायफायच नाही, हे मला तेव्हा आठवलं. यादीत एकच नाव होतं. महिपतीचं.

काकांनी कुणालाही न विचारता पासवर्ड टाकला. तो महिपतीच्या कुत्र्याचं नाव होता.

मागे उभ्या असलेल्या सगुणाकाकूंनी शांतपणे विचारलं, "आणि हे चोरीचं नाय?"

"माझा गणपती सहा वर्षं त्याच्या कारखान्यात बसलाय," काका म्हणाले. "कधी भाडं मागितलं मी?"

मग त्यांनी पहिला फोटो पाठवला. त्याच बैठ्या मूर्तीचा.