पी लिहिलेली पेटी

कारखान्यात त्यांना सगळे भेसळवाल्या काकू म्हणत आणि काकूंना त्याचं काडीचंही वाईट वाटत नसे. शुद्ध सिलिकॉन वीज वाहून न्यायला अगदीच आळशी. त्यात लाखो अणूंमागे एखादा परका अणू मिसळावा लागतो. फॉस्फरस मिसळला की इलेक्ट्रॉन जास्तीचे होतात, तो एन प्रकार. बोरॉन मिसळला की इलेक्ट्रॉनच्या जागा रिकाम्या राहतात, तो पी. दोन्ही एकमेकांना भिडले, की त्या सांध्यावर डायोडपासून एलईडी दिव्यापर्यंत सगळं चालतं. इथे सोलर पॅनेल बनत. सिलिकॉनच्या पी प्रकारच्या चकत्या बाहेरून येत आणि काकू भट्टीत त्यांना फॉस्फरस चढवत.

घरी मात्र पंचाईत होती. सासूबाईंनी जन्मभर किराणा दुकान चालवलेलं. लग्नानंतर काकूंनी हौसेनं आपलं काम सांगितलं, त्यात भेसळ हा शब्द आला आणि सासूबाईंचं तोंड कडू झालं. पुढे वीस वर्षं त्यांनी त्या कामाचं नाव काढलं नाही. काकूंना ते फार सलत असे.

त्या मंगळवारी नवी पेटी आली. वर ठळक पी. चकत्या दिसायला सारख्याच, पण प्रत्येक पेटीतल्या एकीला तापलेली सुई टेकवून मीटरचा काटा पीकडे वळतो की एनकडे, ते बघायची काकूंची खोड होती. काटा उलटा गेला. म्हणजे एन. एनवर फॉस्फरस चढवून वीज कुठली निघणार? त्यांनी भट्टी थांबवली.

साहेब तणतणत आले. "काकू, पेटीवर लिहिलंय ना?"

"लिहिलंय. पण काट्याला वाचता येत नाही, साहेब."

"प्रयोगशाळेत पी निघाला, तर उद्यापासून तुम्ही पॅकिंगला."

संध्याकाळी काकूंना जेवण जाईना. सासूबाईंनी विचारलं, तेव्हा त्यांनी सगळं सांगून टाकलं.

"चिठ्ठी बघून माल घ्यायचा, तर गल्ल्यावर माणूस बसवायचं कशाला?" सासूबाई म्हणाल्या. "मूठभर काढून बघायचंच." मग ताट पुढे सरकवत, "तू किती घालतेस गं त्यात? चिमूटभर?"

"चिमूटसुद्धा फार होईल, आई. कमीजास्त झालं तर सगळा माल वाया."

दुसऱ्या दिवशी प्रयोगशाळेनं एनच सांगितला. पेटी परत गेली. काकू घरी आल्या, तेव्हा सासूबाई फोनवर बहिणीशी बोलत होत्या.

"सून ना? भेसळ करते. हो, भेसळच म्हटलं मी. पण मापात हो, तिच्याइतकं मापात मलाही कधी जमलं नाही."