रिकामा तळहात

संक्रांतीच्या संध्याकाळी शेजारच्या काकू जिन्यात जमलेल्या मुलांना तिळगूळ वाटत होत्या. पंधरा वर्षांच्या ईशाने हात पुढे केला, तसा त्यांनी डबा मागे घेतला. "तुला नको गं बाई. शुगर वाढली तर?"

"खाणार नाही, काकू. नुसता हातावर ठेवा."

काकूंनी मायेने तिच्या गालावरून हात फिरवला आणि त्या पुढच्या मुलाकडे वळल्या. "तिळगूळ घे, गोड बोल!"

लहानपणापासून ही पोर रोज पोटात इन्सुलिनची सुई टोचून घेते. सुईची सवय होते. आम्हा मोठ्यांच्या या काळजीची कशी व्हायची? निदान ते शब्द तरी द्यायचे होते तिला. शब्दांनी कुठे शुगर वाढते?

ईशाने रिकामा तळहात हळूच मिटला, आत तिळगूळ असल्यासारखा, आणि ती मूठ तशीच जपत घरी गेली.