हूकवाल्या बाई

बाई दुसऱ्याने लिहिलेल्या कोडला कधी हात लावत नसत. धामणकर नाक्यावर, रिक्षा स्टँडच्या वरच्या मजल्यावर त्यांचा कॉम्प्युटर क्लास होता आणि उरलेल्या वेळात त्या आणि त्यांच्या हाताखाली काम करणारी मी, आम्ही दोघी लोकांच्या वेबसाइट करून द्यायचो. दोन हजार नऊच्या आसपासची गोष्ट. शाळेतली गणिताची नोकरी सोडून बाई पन्नाशीत हे शिकल्या होत्या.

वेबसाइटच्या तयार प्रणालीत मधे मधे जागा सोडलेल्या असतात. कॉम्प्युटरचा पडदा उघडताना ती प्रणाली जणू विचारते, इथे तुम्हाला आणखी काही करायचंय का? तिथे आपलं काम वेगळ्या फाइलमधून अडकवायचं. त्याला हूक म्हणतात. "त्यांनी खुंटी ठेवलीय ना? मग भिंत कशाला फोडायची?" बाई म्हणायच्या. क्लासची मुलं त्यांना मागून हूकवाल्या बाई म्हणत. बाईंना ते ठाऊक होतं.

कामतघरच्या एका मंडळाची रक्तदात्यांच्या यादीची वेबसाइट आमच्याकडे होती. ती सांभाळायला क्लासवर आप्पा येत. जमीन यंत्रमागाच्या लूमवाल्यांना भाड्याने देऊन मोकळे झालेले, जाड भिंगांच्या चष्म्याचे. साइट सांभाळायच्या, म्हणजे अॅडमिनच्या, पडद्यावरच्या इंग्रजी चौकटी दिसल्या की ते कीबोर्डवरून हात काढून मांडीवर ठेवत. बाई दोन दुपारी त्यांच्या शेजारी नुसत्या बघत बसल्या. मग हूक वापरून सगळ्या चौकटी काढल्या आणि दोनच मोठी मराठी बटणं ठेवली: 'नवा दाता' आणि 'यादी बघा'. त्यानंतर आप्पा रोज यायला लागले. एकेकाला फोन करून नंबर तपासून घेत.

पुढे आप्पांना अक्षर आणखी मोठं हवं होतं. बाई लग्नाला गेल्या होत्या. मी घाईत थेट मूळ फाइलमध्येच बदल केला आणि सोपं पडतं म्हणून ती बटणंही तिथेच हलवली. महिन्याभराने प्रणालीची नवी आवृत्ती आली, मूळ फाइलींच्या जागी बसली आणि माझं सगळं पुसून गेलं. आप्पांनी पडदा उघडला, तर पुन्हा त्याच इंग्रजी चौकटी. ते उठून गेले. पंधरा दिवस फिरकले नाहीत.

त्याच दिवसांत एका बाळंतिणीच्या घरच्यांनी यादीतले तीन नंबर फिरवले. तिन्ही बदललेले होते. रक्त ठाण्याहून आलं. वेळेत आलं, एवढंच.

बाई मला घेऊन कामतघरला गेल्या. आप्पा खाली बघत म्हणाले, "मी काय येडावाकडा दाबला न्हाय, बाई. पन माज्याच हातून गेला असंल सगला."

बाई माझ्याकडे बघत राहिल्या. मी खरं काय ते सांगितलं.

"म्हंजी पंदरा दिस मी उगाच जीवाला खात होतो," आप्पा म्हणाले. रागावले नाहीत, म्हणून जास्त लागलं.

परतताना बाई रिक्षात म्हणाल्या, "चूक तुझी, आणि अपराधी वाटलं त्यांना. मूळ फाइलला हात लावायचा नाही, ते एवढ्यासाठी."

दुसऱ्या दिवशी बटणं मी हूकवर चढवली. आप्पा आले.

दोन वर्षांनी बाई मुलीकडे नाशिकला गेल्या आणि क्लास माझ्यावर सोपवला. पहिल्या सकाळी क्लासच्या साइटचा अॅडमिन उघडला, तर कोपऱ्यात एक नवी चौकट. फक्त माझ्या लॉगिनला दिसणारी. नाशिकचा फोन नंबर आणि खाली एक ओळ: 'अडलीस तर फोन कर. नाही अडलीस तरी कर.'

तो नंबर आता लागत नाही. बाई वारल्या त्याला चार वर्षं झाली. साइट मी तीनदा नव्याने बांधली. प्रत्येक वेळी ती चौकट आधी चढवली.