झोपेत खाल्लेले दात

मुरबाडच्या त्या जुन्या दवाखान्यात खुर्ची मागे टेकली की खिडकीतून चिंचेचा शेंडा दिसायचा. डॉक्टर इंजेक्शन देत, अर्धा गाल हळूहळू माझा राहत नसे आणि मी त्या बारीक पानांकडे बघत कुठेतरी निघून जायचो. कधी तानसा तलावाच्या काठावर, कधी लहानपणीच्या खळ्यावर. तोंडात चाललेल्या यंत्राची घरघर दूरच्या भातगिरणीसारखी वाटायची. लोक दाताच्या डॉक्टरला घाबरतात. मी मात्र तिथे विसाव्यालाच जात असे.

घर शेणव्याला आणि नोकरी मुरबाडच्या एका कारखान्याच्या स्टोअरमध्ये, त्यामुळे कामावरून सुटल्यावर तिथे जाणं सोपं होतं. डाव्या बाजूची एक दाढ डॉक्टर पुन्हा पुन्हा भरत होते. शेवटच्या खेपेला हात धुता धुता ते म्हणाले, "ही आता माझ्याच्यानं टिकायची नाही. आणि मीही इथं टिकत नाही. दवाखाना बंद करतोय."

"का हो?"

त्यांनी ओला हात माझ्यासमोर धरला. बोटं थरथरत होती. "ह्या हातानं तुझ्या तोंडात जाणं बरं नाही, बाबा. दुसरा डॉक्टर बघ."

चहाच्या टपरीवर थांबलो तेव्हा अर्धं तोंड बधिर होतं. चहा ओठातून गळत होता. एवढ्या वर्षांचा डॉक्टर सुटल्याचं दुःख सांगायचं कोणाला?

दाढ ठणकू लागली तसा शहापूरला गेलो. बायको बरोबर आली. नवी डॉक्टरीण माझ्या मुलीपेक्षा थोडीच मोठी. तिच्या खोलीला खिडकीच नव्हती, छतावर नुसता पांढरा दिवा. मला वाटलं, इथे कुठे निघून जाता येणार नाही.

तिने आरसा फिरवून बराच वेळ पाहिलं. मग विचारलं, "काका, झोपेत दात खाता का?"

"छे! मी कशाला खाऊ?"

"खातात की," बायको कोपऱ्यातल्या स्टुलावरून म्हणाली. "रोज. जात्यावानी आवाज येतो."

मी खुर्चीवरून मान वळवून तिच्याकडे बघत राहिलो. "कधीपासून?"

"पोरगी नाशिकला शिकायला गेली तवापासून. मी गालावर हात ठेवला का थांबता तुमी. मग मी पन झोपते."

"मला कधी सांगितलं नाय तू."

"सांगून काय करनार होतात? तुमाला वाईट वाटलं असतं."

डॉक्टरणीने यंत्र जवळ ओढलं. एक्स-रे काढला आणि समजावून सांगितलं. दाढ तडकली आहे, मुळातली नस काढावी लागेल, वर टोपी बसवावी लागेल आणि रात्री दातांवर घालायला एक पारदर्शक साचा. साच्याशिवाय टोपीही झिजेल. मग म्हणाली, "काका, विमा आहे का? असेल तर आधी विचारून घ्या."

कारखान्याने आमचा सगळ्यांचा विमा काढला होता. पण दाताला विमा नसतो असं जो तो म्हणायचा, मीही तसंच धरून चाललो होतो. दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत कार्डावरचा नंबर लावला. मोहाच्या झाडाखाली बसलो होतो. फुलं पडू लागली होती, त्यांचा गोड वास हवेत दाटला होता. पलीकडून एका बाईचा संथ आवाज आला.

"सर, साध्या पॉलिसीत दात फक्त अपघातात दुखावले तरच धरतात. पण तुमच्या कंपनीने बाहेरच्या, म्हणजे दाखल न होता घेतलेल्या उपचारांची जोड घेतली आहे. त्यात वर्षाला एका मर्यादेपर्यंत दाताचा खर्च बसतो. आधी तुम्ही भरायचा, बिल आणि एक्स-रे पाठवायचा."

"म्हणजे मुळाचं काम मिळेल?"

"मिळेल."

"टोपीचं?"

"टोपी शोभेसाठी मानली जाते. डॉक्टरांनी गरज लिहून दिली तर विचार होतो. खात्री नाही देत."

"आणि रात्रीचा साचा?"

"तो नाही, सर. तो उपचारात येत नाही."

दाढ दुखत असूनही मला हसू आलं. मुळाचं मिळेल, टोपीचं बघू, झोपेचं मात्र आपलं आपण. संध्याकाळी बायकोला सांगितलं तर ती म्हणाली, "झोपंचा इमा कोन काडनार?"

काम सुरू झालं. दुसऱ्या खेपेला मी छतावरच्या दिव्याकडे बघता बघता पार बुडालो. तानसाचं पाणी दिसलं, दुपारचं, हलत नसलेलं. माझे दात एकेक करून तळहातावर येत होते, उन्हातल्या खड्यांसारखे ऊबदार. शेजारी मुलगी बसली होती, सहा-सात वर्षांची. मी तिला एकेक दात देत होतो आणि ती हाताचं बोट लावून मोजत होती. मला अजिबात भीती वाटत नव्हती. एवढंच वाटत होतं की हे संपलं की ती उठून जाईल.

"काका, झालं," डॉक्टरीण म्हणाली. "डोळ्यात पाणी आलंय. दुखलं का?"

मी मान हलवून नाही म्हटलं.

घरी स्वप्न सांगितलं तेव्हा बायकोने हातातलं काम खाली ठेवलं. दात पडल्याचं स्वप्न चांगलं नाही, असं तिच्या माहेरी मानतात. तिने मुलीला फोन लावला आणि जेवलीस का, काय जेवलीस, एवढंच विचारत राहिली. मग फोन माझ्या हातात दिला. एरवी मी पैसे पोचले का, एवढंच विचारून ठेवतो. त्या दिवशी म्हणालो, "तू गेल्यापासून मी झोपेत दात खातो म्हणे."

ती आधी हसली. मग हळूच म्हणाली, "बाबा, शनिवारी येते मी."

विम्याने मुळाचं काम मान्य केलं. डॉक्टरणीच्या चिठ्ठीवर टोपीचंही अर्धं मिळालं. साचा मी माझ्या पैशांनी केला. मुलगी खरंच शनिवारी आली. रविवारी सकाळी तिला तो साचा नळापाशी वाटीत दिसला. तिने तो उन्हाकडे धरला. काचेसारख्या साच्यात माझे सगळे दात उमटले होते, वेडेवाकडे, एकमेकांना खेटलेले.

"आई, बघ ना," ती म्हणाली, "बाबा हसतायत."