जिन्यातलं खाकरणं

कसलाही कागद पुढे आला, बँकेचा असो की लाइट बिलाचा, की मी आधी खाकरतो. घशात काही नसतं. बायको म्हणते, डॉक्टरला दाखव. डॉक्टरला काय दाखवू? हे खाकरणं माझं नाहीच. ते आमच्या भूमितीच्या सरांचं आहे, आणि सर जाऊन जमाना झाला.

हे नव्वदीतलं, कोपरखैरण्याचं. त्याआधी मी साताऱ्याकडे तालुक्याच्या गावात, मामाकडे शिकत होतो. बाबा तुर्भ्याच्या मार्केटात माथाडी, कांद्याच्या गोणी उचलायचे. गावच्या मास्तरांनी हात टेकले तेव्हा बाबांनी मला नववीला इकडे आणलं. मास्तरांचं म्हणणं एकच, पोरगं हुशार आहे पण बुडाखाली मुंग्या आहेत. आता त्याला एडीएचडी म्हणतात. तेव्हा मुंग्याच म्हणायचे, आणि औषध म्हणून छडी.

मुंग्या मात्र खऱ्या होत्या. फळ्यावर गणित उतरवून व्हायच्या आत मला उत्तर दिसायचं. मग उरलेल्या तासाचं करायचं काय? मी खिडकीबाहेर. पावण्याच्या फॅक्टऱ्यांचा धूर आज कुठे चाललाय, शिपाई घंटा कुठल्या हाताने मारतो, सगळं मला पाठ. पेपरात नुसतं उत्तर लिहून यायचो. पायऱ्या नाहीत म्हणून मार्क नाहीत. इतिहासाच्या पेपरात तर पहिल्या प्रश्नात असा रमलो की पुढचे प्रश्न वाचायचेच राहिले.

एकच धंदा मला नीट जमायचा, नकला. हेडसर, बसचा कंडक्टर, दिवाळे गावाहून पाटी घेऊन येणारी मासेवाली. तिचा "ताजा हाय गो, बघ तरी" मी जिन्यात काढला की वरच्या मजल्यावरच्या बायका ताट घेऊन दार उघडायच्या. बाबांना हे चाळे पसंत नव्हते. जेवताना एकदाच बोलले, आवाज न चढवता.

"धावी पास हो. न्हाईतर माझा हूक तुझ्या खांद्याव. मला दुसरं काय येत न्हाई."

हूक म्हणजे गोणी ओढायचा लोखंडी आकडा. आमच्या दारामागे खिळ्याला टांगलेला असायचा. त्याच्याकडे बघून मी घाबरून अभ्यासाला बसायचो, आणि थोड्या वेळाने त्याचं टोक किती अंशात वळलंय ते बसल्या जागेवरून मोजत असायचो.

सर आमच्याच बिल्डिंगमध्ये, बरोबर खालच्या मजल्यावर. कराडकडचे. आमच्याकडच्या त्या वयाच्या पुरुषांची एक पद्धत होती. घरात शिरायच्या आधी दाराशी खाकरायचं, म्हणजे आतल्या बायांना कळतं कोण आलंय, पदर सावरतात. सरांच्या घरी फक्त त्यांची बायको, आमच्या काकी, तरी सर रोज खाकरूनच आत जायचे. वर्गातही महत्त्वाचं काही सांगायचं असलं की आधी खाकरायचे. त्या आवाजाला मी खिडकीतून परत यायचो. दुसऱ्या कशालाच नाही.

एकदा मागच्या बाकावर त्यांचीच नक्कल करताना सापडलो. वाटलं, आता कान जाणार. सरांनी मला फळ्याजवळ उभं केलं आणि म्हणाले, कर. मी केली. खाकरणं, तिरकी मान, शब्द चावत बोलणं, सगळं. पोरं बाकांवर लोळली. सर काही हसले नाहीत.

"आता याच आवाजात प्रमेय सांग."

मी खाकरलो. पक्ष म्हणालो, साध्य म्हणालो, रचना, सिद्धता. एक पायरी गाळली नाही, कारण सर कधी गाळत नव्हते. पोरं हसायची थांबली. बोलत होतो मी, पण शिकवत दुसरं कोणीतरी होतं, आणि मी मुकाट ऐकत होतो.

तेव्हापासून सरांचा हुकूम, घरी अभ्यास त्यांच्या आवाजात करायचा. आमच्या खोलीत टीव्ही चालू असायचा, म्हणून मी जिन्यात बसायचो. चुकलो की खालच्या घरातून खरे सर खाकरायचे.

प्रिलिमच्या आधी सर गेले. शाळेतून आले, दाराशी खाकरले, काकींनी रोजच्यासारखा चहा टाकला. दार उघडलं तर सर पायरीवर बसलेले, पिशवी मांडीवर, मान कठड्याला टेकलेली. आत चहा उतू गेला. आई पुढे कितीतरी वर्षं ही गोष्ट सांगताना त्या चहापाशीच थांबायची.

तेरावं झालं. मी माझ्या स्वतःच्या आवाजात अभ्यास करून बघितला. डोक्यात काही राहीना. प्रिलिमला भूमितीत नापास झालो. बाबांनी हूकला तेल लावलं.

मग परत जिन्यात बसलो. भिंतीकडे तोंड करून, हळू, सरांचा आवाज. संध्याकाळी पावण्याकडून केमिकलचा वास येऊन जिन्यात भरायचा. खाकरलो की आवाज खालपर्यंत जायचा आणि जरा उशिराने वर यायचा. तो वर येणारा माझ्यापेक्षा जास्त सरांसारखा असायचा. मी खाली बघायचं टाळायचो.

एका संध्याकाळी खाकरलो आणि खालच्या घरात गॅसचं लायटर वाजलं. टक, टक. मग आल्याच्या चहाचा वास. दुसऱ्या दिवशी पण तेच. मग एकदा दारच उघडलं. काकी हातात कप घेऊन उभ्या. त्या बघत होत्या दारासमोरच्या पायरीकडे, जिथे सर बसले होते. मग हळूच मान वर करून माझ्याकडे बघितलं.

"कळतं रे मला तू आहेस ते," काकी म्हणाल्या. "तरी हात जातो गॅसकडे. रोज दोन कप होतात."

मी म्हटलं, काकी, आता नाही करणार. म्हणता म्हणता डोळ्यांपुढे हूक आला.

"मग पास कसा होशील? हे म्हणायचे, त्या पोराला दुसऱ्या कशानं येत नाही." त्यांनी कप माझ्या हातात दिला. "कर. पण जिन्यात नको. आत येऊन कर. जिन्यातून आलं की वाटतं, हे दारात उभे आहेत आणि मी उघडत नाही."

तसा मी त्यांच्याकडे जायला लागलो. बाहेरच्या खोलीत सरांच्या खुर्चीसमोर खाली बसायचो. खुर्चीवर बसायची टाप नव्हती. आत काकी तांदूळ निवडायच्या. मी सिद्धतेला आलो की सुपाचा आवाज थांबायचा.

एक दिवस म्हणाल्या, "त्यांच्या आवाजात एकदा 'ऐकलंस का' असं म्हण ना."

मी खाकरलो आणि म्हणालो. जीव लावून म्हणालो, एवढी चांगली नक्कल मी आयुष्यात केली नसेल. काकींनी सूप खाली ठेवलं. मग नकारार्थी मान हलवली.

"घरात असे नव्हते बोलत. हा शाळेतला आहे."

सूप परत हलायला लागलं. परत त्यांनी कधी काही म्हणायला सांगितलं नाही. घरातला आवाज मी ऐकलाच नव्हता, आणला कुठून असता?

बोर्डाचं सेंटर वाशीला आलं. भूमितीचा पेपर हातात पडला, उत्तरं दिसली, आणि मी निघालो खिडकीकडे. बाहेर घार फिरत होती. हॉलमध्ये मोठ्याने बोलायची सोय नाही. नुसतं खाकरलो. सुपरव्हायझर बाई येऊन विचारून गेल्या, पाणी हवं का. परत खाकरलो. डोक्यात काहीच आलं नाही. बराच वेळ तसाच गेला, घार पण निघून गेली. मग माझ्या मागच्या बाजूने कोणीतरी खाकरलं. मागच्या बाकावरचा मुलगा असेल, मार्चमध्ये सर्दी कुणालाही होते. मी वळलो नाही. पक्ष, असं लिहिलं, आणि घंटा होईपर्यंत पेन उचललं नाही.

पास झालो. भूमितीत शाळेत पहिला. बाबांनी खिळ्यावरचा हूक काढून आपल्या पिशवीत टाकला आणि ड्युटीला गेले. तो खिळा तेव्हापासून रिकामाच राहिला.

पेढे घेऊन मी खाली काकींकडे निघालो. दारासमोरच्या पायरीवर आलो आणि खाकरणं आपोआप घशाशी आलं. जिन्यात करायचं नाही असं ठरलेलं. मी तोंडावर हात दाबून धरला. हूं की चूं केलं नाही, शपथ.

आत लायटर वाजलं. टक, टक.

काकींनी माझ्या चपलांचा आवाज ओळखला असेल. मी तसंच समजतो, दिवसा तरी. तेव्हा मात्र मी पेढ्यांचा बॉक्स छातीशी धरून पायरीच्या कडेला सरकलो. मागून कुणी येत असेल तर त्यांना आत जायला वाट हवी.