ड्रायव्हरबाईंचा उजवा पाय

ड्रायव्हरबाईंची निम्मी हयात बस चालवण्यात गेली, आणि त्यांचा एक हट्ट डेपोत सगळ्यांना पाठ होता. रस्त्याच्या कडेला कुणी हात केला की बस थांबलीच पाहिजे, मग तिथे थांबा असो नसो. वेळापत्रक गेलं खड्ड्यात. डेपो मॅनेजरांनी मेमो देऊन पाहिले, हात टेकले, आणि एकदा त्यांची स्वतःची गाडी आडवाटेला बंद पडली तेव्हा हात करून हीच बस पकडली.

याच बसनं बाईंचा धाकटा भाऊ दिवसाआड मोठ्या शहरात डायलिसिसला जायचा. जाताना पुढच्या सीटवर बसून बहिणीची यथेच्छ टिंगल करायचा. येताना मात्र खिडकीला डोकं टेकवून गप्प पडलेला असायचा, आणि बाईंना तो आरशात दिसायचा. गावातल्या दवाखान्यानं डायलिसिससाठी खोली द्यायचं कबूल केलं होतं, मशीनसाठी मात्र लोकांनीच वर्गणी काढायची होती. एके दिवशी बेकरीवाल्या मैत्रिणीकडे चहा पिता पिता बाई म्हणाल्या, "आपण नदी वल्हवायची. उगमापासून थेट समुद्रापर्यंत. मग बघ लोक वर्गणी कशी देतात."

बेकरीवालीनं आधी त्यांच्या कपाळाला हात लावून ताप आहे का ते पाहिलं. मग स्वतःच पोहायला शिकवणाऱ्या मैत्रिणीला आणि चष्म्याच्या दुकानवालीला गळ घातली. दोन कयाक, म्हणजे वल्ह्यानं चालवायच्या अरुंद नावा, भाड्यानं आल्या, प्रत्येकीत दोघी. गावानं भरभरून देणग्या कबूल केल्या, पण एका अटीवर. सगळी नदी वल्ह्यानंच पार झाली पाहिजे, मधला एकही टप्पा गाडीत बसून नाही.

आता त्या कयाकमध्ये मागे बसणारीच्या पायाशी सुकाणूची दोन पेडलं होती. उजवं दाबलं की नाव उजवीकडे, डावं दाबलं की डावीकडे. पेडल म्हटल्यावर ती जागा ड्रायव्हरबाईंचीच, यावर चौघींचं एकमत झालं आणि तिथंच घोळ झाला. काठावर कुणी कौतुकानं हात हलवला रे हलवला, की बाईंचा उजवा पाय आपोआप ब्रेक दाबायचा आणि नाव सुसाट जाऊन उजव्या काठाच्या झुडपात घुसायची. धुणं वाळत घालणारी बाई म्हणू नका, गळ टाकून बसलेले आजोबा म्हणू नका, बाईंनी कुणालाही सोडलं नाही. पुढे बसलेल्या बेकरीवालीच्या केसांत रोज नवा पाला अडकायचा. ही नदी आहे, तुझा रूट नाही, असं ती दर वळणाला बजावायची. बाई मान डोलवायच्या. मग एका वळणावर शाळेची अख्खी सहल हात हलवत उभी राहिली, आणि त्या दिवशीचं जेवण झुडपातच झालं.

तरी काय मजा येत होती! दंड भरून यायचे, तळहाताला फोड आले होते, पण खळाळत्या उतारावर नाव उसळली की चौघी शाळकरी पोरींसारख्या किंचाळायच्या. इतकं हसणं बाई कित्येक वर्षांत हसल्या नव्हत्या.

शेवटच्या दिवशी नदी रुंद झाली आणि पाण्याला खारट वास आला. पोहणाऱ्या मैत्रिणीनं सकाळीच बजावलं होतं की भरती लागायच्या आत समुद्र गाठायचा, नाहीतर पाणी उलटं चढेल आणि कितीही वल्हवलं तरी नाव मागेच येईल. दुसऱ्या दिवशी सगळ्यांच्या सुट्ट्या संपत होत्या. आज नाही तर नाहीच.

शेवटचा पूल दिसला, आणि पुलावर बाईंची बस उभी दिसली. बदली ड्रायव्हरनं ती भर पुलावर थांबवली होती, मागच्या गाड्या हॉर्न बडवत होत्या, प्रवासी कठड्याला रेलले होते. त्यांच्या मधोमध भाऊ उभा होता, एक हात उंच करून.

बाईंचा पाय दाबला गेला. नाव तिरकी झाली.

"अगं, पाय काढ," बेकरीवाली म्हणाली. तिचा आवाज रडवेला झाला होता. "त्याच्यासाठीच चाललोय ना आपण?"

बाईंनी दोन्ही टाचा मागे ओढून घेतल्या आणि जीव खाऊन उजवीकडे वल्हं मारलं. नाव सरळ झाली. वर बघायची त्यांची हिंमत झाली नाही. डोक्यावरून पूल गेला, माणसांचा गलका गेला, आणि त्या वल्हवतच राहिल्या. भरती लागायला जेमतेम सुरुवात झाली होती तेव्हा दोन्ही कयाक समुद्राच्या लाटांवर डुलत होत्या. चौघींनी एकमेकींना मिठ्या मारायच्या नादात एक कयाक जवळजवळ उलटीच केली.

वाळूवर येताच बाईंनी फोन लावला.

"ताई, मी हात केला आणि तू थांबली नाहीस," भाऊ म्हणाला.

बाईंना हुंदका आवरेना. त्या काहीतरी सांगायला गेल्या.

"ऐक तर. गावात मशीन आलं की मी तुझ्या बसमध्ये परत चढायचा नाही. दवाखान्याच्या दारात उभा राहून तुला हात करीन, आणि तू थांबायचं नाहीस. आज जमलं ना? तसंच."

बाई रडत रडत हो म्हणाल्या.