‘मागं?’... ‘हौ’

या सदरातले अनुभव मी गुलमंडीतल्या माझ्या कापडाच्या दुकानात, गिऱ्हाईक नसलं की, मोठ्यानं वाचतो आणि शेजारच्या दुकानदाराला हसवतो. चकवा लागला, कुणीतरी हाक मारली... मला हे कधीच पटलं नाही. खरं सांगायचं तर आजही पटत नाही. पण जे झालं ते झालं. वर्षभर पोटात ठेवलं, आता लिहून टाकतो. ज्यांना हसायचं त्यांनी खुशाल हसावं.

आम्ही तिघं मित्र लांब पल्ल्याची सायकल चालवतो. मी, शाळेत विज्ञान शिकवणारे दत्ता सर, आणि भगवान. भगवान मूळचा सोयगावकडचा, घरची शेती, आता वाळूजला कंपनीत आहे. ब्रेव्हे नावाचा एक प्रकार असतो. ती शर्यत नाही, पण दोनशे किलोमीटर साडेतेरा तासांत संपवावे लागतात आणि वाटेत ठरलेल्या ठिकाणी वेळेत पोहोचून कार्डावर शिक्का घ्यावा लागतो. एक शिक्का चुकला की सगळा दिवस पाण्यात. आदल्या वर्षी भगवानची सायकल दोनदा पंक्चर झाली आणि आम्ही अकरा मिनिटांनी हुकलो होतो. ते माझ्या डोक्यात बसलं होतं, खोटं कशाला बोलू.

आमची एक पद्धत होती. पुढं मी, मधे सर, शेवटी भगवान. उसाच्या ट्रॉल्या अगदी घासून जातात, अशात मान वळवली की सायकल झोल खाते. म्हणून मागं बघायचं नाही. मी ओरडून विचारायचं, “मागं?” आणि शेवटच्यानं म्हणायचं, “हौ.” म्हणजे आहे, ठीक आहे, चला. हा नियम माझाच, आणि मोडणाऱ्याला शिव्याही माझ्याच.

निघायच्या आदल्या दिवशी भगवानच्या बायकोचा फोन आला. “भाऊजी, ह्यांच्या तोंडाकडं बघत जा जरा. अंगात ताप असला तरी हौच म्हणतेत. नाय म्हणणं ह्यांना जमतच नाय.” मी म्हटलं, वहिनी, माझ्यावर सोडा.

मार्च संपत आला होता. सकाळी सहाला संभाजीनगरहून निघालो. पैठण, मग शेवगावच्या पुढं वीसेक किलोमीटर, आणि त्याच रस्त्यानं परत. येताना शेवगावला सरबत प्यायला थांबलो तेव्हा ऊन नुसतं भाजून काढत होतं. भगवाननं ग्लास तोंडाला लावला आणि तसाच खाली ठेवला. सर मला बाजूला घेऊन म्हणाले, “याला घाम येत नाहीये. हे बरोबर नाही.” मी भगवानला विचारलं, “जमतंय ना रे?” तो म्हणाला, “हौ.” मी त्याच्या तोंडाकडं बघितलंच नाही. घड्याळाकडं बघितलं. पैठणचा शिक्का चारपर्यंतच मिळणार होता आणि सव्वादोन वाजून गेले होते.

शेवगाव मागं पडल्यावर समोरून वारा सुरू झाला. मी मान खाली घालून पायडल मारत राहिलो. पहिल्यांदा विचारलं, “मागं?” आवाज आला, “हौ.” दीड-दोन किलोमीटरनं पुन्हा विचारलं, पुन्हा “हौ.” तिसऱ्यांदा मी वैतागलो होतो, म्हणून म्हटलं, “मागं? जिवंत हाएस का रे भग्या?” त्यावर तो हसल्यासारखा “हौ” म्हणाला. चौथ्यांदा आवाज जरा जड वाटला. पाचवा “हौ” तर झोपेतल्या माणसासारखा लांबलचक आला. मला बरं वाटलं, म्हटलं गडी रेटतोय.

सहाव्यांदा विचारलं. काहीच नाही.

परत विचारलं. मग मी स्वतःचाच नियम मोडून मागं बघितलं. दत्ता सर होते. त्यांच्या मागं सरळसोट रस्ता होता, दूरपर्यंत दिसणारा, आणि त्यावर कुणीही नव्हतं.

“सर, भगवान?” सर म्हणाले, “अरे आत्ता तर बोलला की.” म्हणजे त्यांनीही ऐकलं होतं. आम्ही तिथंच सायकली वळवल्या.

फोन वाजत होता, तो उचलत नव्हता. मी प्रत्येक मोरीखाली, प्रत्येक बाभळीखाली बघत होतो. आत्ता दिसेल, आत्ता दिसेल... तीन-चार किलोमीटर झाले तरी नाही. एक म्हातारी मेंढरं घेऊन कडंच्या लिंबाखाली बसली होती. तिला विचारलं, “आज्जे, आमचा तिसरा सायकलवाला दिसला का? लाल शर्ट.”

“तिसरा कोन? मघा तुमी दोघंच तर गेलात.”

“नाही हो, मागं एक होता.”

“अरे बाबा, मी हितंच बसल्याली हाय. दोनच सायकली गेल्या. आन तू कुनाला हाळ्या देत व्हता? जिवंत हाएस का म्हनून?”

मी विचारलं, “मग त्याचा जबाब ऐकला का तुम्ही?”

“जबाब कसला? कुनी असंल तर दील ना.”

पुढचे किलोमीटर मला नीट आठवत नाहीत. मी रडत होतो एवढं आठवतं. मनात एकच चाललं होतं... वहिनीला काय सांगू. शिक्का गेला खड्ड्यात, देवा, मला तो माणूस दे. आयुष्यात कधी नवस न बोललेला मी कुठल्या कुठल्या देवांना हात जोडत होतो.

जिथं वळलो तिथून नऊ किलोमीटर मागं, कॅनॉलच्या पुलाला त्याची सायकल नीट टेकवून ठेवलेली होती. तो खाली, पुलाच्या सावलीत आडवा. रस्त्यावरून मुद्दाम वाकून बघितल्याशिवाय दिसत नव्हता, मघाशी आम्ही दोघं त्याच पुलावरून पुढं निघून गेलो होतो. अंग तव्यासारखं तापलेलं, घामाचा थेंब नाही. हाका मारल्या तर डोळे उघडेनात. ओठ तेवढे हलत होते. कान जवळ नेला. आवाज नव्हता, नुसता वारा निघत होता.

बाटल्यांतलं सगळं पाणी त्याच्यावर ओतलं. सर रस्त्याच्या मधोमध आडवे उभे राहिले तेव्हा एक टेम्पो थांबला. पैठणच्या दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, उष्माघात आहे, अजून अर्धा तास गेला असता तर काही खरं नव्हतं. वहिनी संध्याकाळी पोहोचल्या. मला एवढंच म्हणाल्या, “एकदा मागं वळून बघायचं होतं, भाऊजी.”

तिसऱ्या दिवशी भगवान नीट बोलायला लागला. मी आणि सर खाटेजवळ बसलो होतो. मी माफी मागायला तोंड उघडलं तर तोच म्हणाला, “तुला येऊ द्यायचं नव्हतं रे माघारी. गेल्या साली माझ्यापायी हुकलं व्हतं. म्हटलं पाच मिनटं पडतो, मग गाठतो. तू इचारत व्हता, मी पडल्या पडल्या हौ म्हणत व्हतो.”

सर म्हणाले, “कधी विचारत होता?”

“हेच की. मागं, मागं. एकदा तर म्हणला, जिवंत हाएस का रे भग्या. मला हसूच आलं. मग शेवटी शेवटी घशातून आवाजच निघंना. तू इचारलं, पर मला हौ म्हणता आलं नाय.”

सरांचा चेहरा उतरला. भगवानच्या सायकलवरच्या मीटरमध्ये थांबल्याची वेळ होती, दोन चाळीस. माझी पहिली हाक त्याच्या नंतरची. आणि जिवंत हाएस का हे मी म्हटलं ते म्हातारीच्या लिंबापाशी, तो पडला होता तिथून पाच किलोमीटर पुढं.

सर आधी मला समजावत होते, रोजच्या सवयीचा आवाज कान आपोआप ऐकतो म्हणून. असेल. माझ्या कानाचं मी मानतो, त्यांच्याही कानाचं मानतो. पण भगवानच्या कानाचं काय, ते त्यांनाही सांगता येत नाही. आता ते हा विषय निघाला की चहा सांगायला उठतात.

मला मात्र दुसरंच काहीतरी खातं. लोक ऐकून म्हणतात, त्या आवाजानं वाचवलं. नाही हो. आवाजानं त्याला मारलंच होतं. पाच वेळा तो हौ म्हणाला आणि पाच वेळा मी पुढं गेलो. सहाव्यांदाही त्याला जमलं असतं, तर मी पैठणला शिक्का घेऊन चहा पीत त्याची वाट बघत बसलो असतो.

भगवान आता पुन्हा सायकल चालवतो, सकाळी वीस-पंचवीस किलोमीटर, ऊन व्हायच्या आत घरी. मी शेवटी असतो. पुढून तो ओरडतो, “मागं?” मी हौ म्हणत नाही. जोर मारून त्याच्या बरोबरीला जातो आणि त्याला तोंड दाखवतो.